मुळशीचे तळे कोणाचे?

दर वर्षी २० मार्चला पुण्याहून महाडला जाणाऱ्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या ताम्हिणी घाटाने जातात. पिरंगुट, पौड मागे पडते आणि मुळशीचे पाणी दिसू लागते. गाडीत भीमगीते चालू असतात, पोरे खिडकीतून फोटो काढतात, कोणी म्हणतो काय निसर्ग आहे, आणि गाडी पुढे निघून जाते. घाट उतरला की निजामपूर, माणगाव आणि मग महाड. चवदार तळ्यावर पोचल्यावर आपण ओंजळीत पाणी घेतो आणि बाबासाहेबांनी काय केले ते एकमेकांना पुन्हा सांगतो.

या रस्त्यावर तळी दोन आहेत. एकाचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. दुसरे आपण फक्त बघतो. त्या दुसऱ्या तळ्याबद्दल आम्हाला लिहायचे आहे, कारण आमच्या मते दोन्ही तळ्यांपुढे प्रश्न एकच आहे आणि तो विचारायला आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवले आहे.

मुळशीचे तळे निसर्गाने केलेले नाही. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर मुळा आणि निळा या दोन नद्यांचे पाणी अडवून ते झाले. या नद्या मुळात पूर्वेला वाहणाऱ्या. मुळा पुण्याला येते, मुठेला मिळते, पुढे भीमा, पुढे कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. सह्याद्रीच्या या कडेला पाऊस इतका पडतो की मुंबईच्या भांडवलदारांची नजर तिकडे गेली नसती तरच नवल. कल्पना साधी होती. पाणी माथ्यावर अडवायचे, पूर्वेला जाऊ द्यायचे नाही, डोंगर पोखरून बोगद्याने पश्चिमेच्या कड्यावर आणायचे आणि तिथून पोलादी नळांतून कोकणात सोडायचे. सुमारे पाचशे मीटर खाली येताना त्या पाण्याला जो जोर येतो त्याने चाके फिरतात, चाकांनी जनित्रे फिरतात, आणि वीज तारांवरून मुंबईला जाते. वापरलेले पाणी कुंडलिका नदीत पडते आणि रोह्यावरून अरबी समुद्राला मिळते. कोलाडला पैसे देऊन राफ्टिंग करायला जी मंडळी जातात ती या पाण्यावरच तरंगतात. वीज केंद्राने पाणी सोडले नाही तर उन्हाळ्यात तिथली नाव हलत नाही.

टाटांनी हे काम तीन ठिकाणी केले. लोणावळ्याच्या तळ्यांवर खोपोलीचे केंद्र १९१५ साली चालू झाले, आंध्रा खोऱ्याच्या पाण्यावर भिवपुरीचे १९२२ साली, आणि मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे केंद्र १९२७ साली. भिरा आजच्या रायगड जिल्ह्यात येते. तेव्हा त्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, आणि महाडही त्याच जिल्ह्यात.

म्हणजे १९२७ साली कुलाबा जिल्ह्यात दोन गोष्टी घडल्या. एका ठिकाणी माणसांनी तळ्याचे ओंजळभर पाणी प्यायले म्हणून त्यांची डोकी फोडली गेली. दुसऱ्या ठिकाणी एका कंपनीने अख्ख्या नदीचे तोंड फिरवले, आणि विटाळ कोणालाच झाला नाही.

आमच्यातल्या एका मित्राला ही तुलना ओढूनताणून केलेली वाटते. तो म्हणतो, महाडचा प्रश्न माणुसकीचा होता, मुळशीचा जमिनीचा. पण महाडच्या सत्याग्रहानंतर कोर्टात काय घडले ते आठवून पाहा. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, मार्च १९२७ मध्ये आपण पाणी प्यायलो, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग सनातन्यांनी डिसेंबरमध्ये महाडच्या कोर्टात दावा लावला. त्या दाव्यात त्यांचे एक म्हणणे असे होते की हे तळे सार्वजनिक नाहीच, ते खाजगी आहे. धर्म, रूढी, विटाळ हे सगळे होतेच. पण कोर्टात उभे राहायची वेळ आली तेव्हा त्यांनी मालकीचा आधार घेतला. बाबासाहेबांना दहा वर्षे हा खटला लढवावा लागला. तळे खाजगी असल्याचे म्हणणे टिकले नाही, पूर्वापार चालत आलेल्या रूढीचेही नाही, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. पाणी कोणाचे हे ठरल्याशिवाय पाणी कोण पिणार हे ठरत नाही. महाडचा निम्मा लढा हाच होता, आणि तो आपल्या भाषणांतून हळूहळू गळून गेला आहे.

आता हाच प्रश्न घेऊन मुळशीला येऊ.

मुळशी पेट्यातली पन्नासवर गावे या योजनेखाली आली. जमीन मिळवली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्यात कंपन्यांसाठी जमीन घेऊन देण्याचे स्वतंत्र प्रकरणच होते. नफा कंपनीचा, जमीन घ्यायचा हुकूम सरकारचा, आणि नाव सार्वजनिक कामाचे. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. धरणाच्या कामावर जाऊन बसायचे, सुरुंग लावायची वेळ झाली तरी उठायचे नाही, बायकामुलांसह मार खायचा. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी लोकांनी या लढ्यात दिली. विनायकराव भुस्कुटे पेट्यात गावोगाव फिरले. शेवटी लढा मोडला आणि बापटांना सात वर्षांची सजा झाली. जगातल्या पहिल्या धरणविरोधी लढ्यांत याची गणना होते, आणि ती योग्य आहे. मार खाल्लेल्या मावळ्यांबद्दल आणि बापटांबद्दल आम्हाला आदर आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे वाचून कोणी उगाच अंगावर येऊ नये.

या लढ्याची घोषणा होती, जान किंवा जमीन.

घोषणा जबरदस्त आहे. पण ती कोणाची आहे ते पाहा. पेट्यातली बरीचशी जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेली होती. मावळा कसायचा आणि कागदावर मालक पुण्यात बसलेला असायचा. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावर जे पुस्तक लिहिले आहे त्यात हा भाग नीट मांडला आहे आणि आपल्या पोरांनी तो मुद्दाम वाचावा. सत्याग्रह चालू असताना सावकारांना हवा होता भरपाईचा चांगला दर. कुळांना हवी होती जमीन. दर वाढण्याची चिन्हे दिसताच सावकार बाजूला झाले, कारण त्यांच्यासाठी जमीन हा पैसाच होता, तो बुडीत राहण्यापेक्षा रोख मिळालेला बरा. पुण्यातल्या पुढाऱ्यांचा उत्साहही त्यासरशी ओसरला. ज्यांच्या पायाखालून गाव जाणार होते ते मावळे एकटे पडले.

ही झाली दुसरी पायरी. तिसरी पायरी गावकुसाबाहेर आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही आणि जो कूळही नाही, त्याने या घोषणेत उभे कुठे राहायचे? जान देतो म्हणाला तर कशासाठी? गावगाड्यात महाराचे जगणे बलुत्यावर, हक्काच्या भाकरीवर, मेलेल्या ढोरावर आणि तुटपुंज्या वतनावर. वतनाची जमीन म्हणजे सरकारची आणि गावाची चाकरी करण्याबद्दल सोडलेला तुकडा. तो वाटून वाटून इतका बारीक झालेला की त्यावर बैल फिरत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन सुधारणेचे बिल आणले ते या गुलामीतून सोडवण्यासाठीच. १८९४ चा कायदा भरपाई देत होता ती जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्याला. बलुते हा काही जमिनीतला हितसंबंध नव्हे. गाव उठले की बलुते संपते. उद्या नव्या गावात कोण कोणाला भाकर वाढणार? पण याची किंमत लावणारा रकाना त्या कायद्यात नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघे जण तळ्याच्या काठाने दोन दिवस फिरलो. एका बौद्ध वस्तीत सत्तरी ओलांडलेले एक बाबा भेटले. त्यांच्या आजोबांनी धरण भरताना पाहिलेले. आम्ही वह्या काढून, मोठ्या अभ्यासकाच्या थाटात, विचारले की बाबा, तुमच्या घरचे किती क्षेत्र गेले? ते हसले. म्हणाले, "आमच्या आज्याच्या नावावर काय नव्हतंच, पोरांनो. मग बुडालं काय, असं कागद विचारतो. आता कागदाला काय सांगू?" चहा घेऊन आम्ही उठलो तरी ते वाक्य मागे लागले आणि हा लेख खरे तर तिथून निघाला.

या ठिकाणी आपल्यातले काही जण म्हणतात, मग बुडाला गाव तर बुडू दे. गाव म्हणजे आपल्यासाठी होते काय? संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे सुनावले ते आपल्याला पाठ आहे. आमचे पर्यावरणवादी मित्र बुडालेल्या गावाचे असे चित्र काढतात की वाटावे तिथे स्वर्ग होता, जात्यावर ओव्या, अंगणात तुळस आणि सगळे भाऊभाऊ. त्या अंगणात आपल्या आज्याला पाय ठेवता येत नव्हता. म्हणून गाव गेल्याचे आमच्या डोळ्यांत तसे पाणी येत नाही, हे खरेच आहे. पण गाव मोडणे आणि गावातल्या सर्वांत शेवटच्या माणसाला काहीही न देता हुसकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी खेडे सोडा म्हटले ते शिकून, शहरात जाऊन, माणूस म्हणून उभे राहण्यासाठी. पाणी चढत येते आहे म्हणून डोक्यावर बोचके घेऊन निघणे याला कोणी मुक्ती म्हणत असेल तर त्याने आधी स्वतः बोचके उचलून दाखवावे.

तर त्या विजेचे काय झाले? ती मुंबईला गेली. गिरण्यांतली कोळशावरची इंजिने गेली आणि विजेच्या मोटारी आल्या. गावातून निघालेला आपला माणूसही मुंबईलाच गेला आणि त्याच गिरण्यांच्या दारात उभा राहिला. तिथे त्याला काम मिळाले, पण सूत काततात त्या खात्यात. कापड विणतात त्या साच्यांच्या खात्यात पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्याला मज्जाव होता. कारण काय? धोट्यातले सूत तुटले की विणकराला ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि महाराच्या थुंकीने ओले झालेले सूत सवर्ण कामगाराला चालत नव्हते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे नेमका हा प्रश्न ठेवला आणि त्यांना तो टाळता येईना. सह्याद्रीवरून आलेल्या विजेला साचेखात्यात प्रवेश होता. सह्याद्रीवरून आलेल्या माणसाला नव्हता. डाव्या मित्रांशी वाद घालताना हे उदाहरण आम्ही हमखास वापरतो आणि अजून तरी कोणी समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

आता दुसऱ्या बाजूचे मित्र. १४ एप्रिल आला की मोबाईलवर एक चित्र फिरते, भल्यामोठ्या धरणाच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली लिहिलेले, भारतातील धरणांचे शिल्पकार. त्यात खोटे नाही. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ त्यांच्या काळात १९४५ साली स्थापन झालेल्या आयोगात आहे. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्यांनी घातला, ओरिसातील नद्यांसाठी नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला जाऊन बैठक घेतली. सुखदेव थोरात यांनी यावर सविस्तर काम केले आहे. पण चित्र फॉरवर्ड करणाऱ्याला विचारा की बाबासाहेबांना धरण कसले हवे होते, तर तो गप्प.

२५ ऑक्टोबर १९४३ ला दिल्लीत विजेच्या प्रश्नावर नेमलेल्या समितीसमोर बाबासाहेब बोलले. त्यांचा मुद्दा असा होता की शेतीवर लोकसंख्येचा भार वाढत चालला आहे, उद्योग उभे राहिल्याशिवाय या दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, आणि स्वस्त व मुबलक वीज असल्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत. स्वस्त आणि मुबलक, हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. वीज खाजगी हातात असावी की सरकारच्या, हा प्रश्न त्यांनी तिथेच मांडला आणि त्यांचा स्वतःचा कल सरकारी मालकीकडे होता. पुढे १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मुख्य उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत आणि शेतजमीन सरकारने घेऊन जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, असे कलमवार लिहून दिले. हे सगळे एका माळेतले आहे. वीज, जमीन, पाणी हे ज्याच्या खाजगी ताब्यात, त्याच्या दारात आपण कायमचे याचक, हे त्यांना दिसत होते.

दामोदरची योजना त्यांनी अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर पाहिली. नदीचे खोरे एक धरायचे. पूर आवरायचा, शेतीला पाणी द्यायचे, नौकानयन करायचे, आणि त्याच पाण्यातून वीजही काढायची. एकाच नदीची अनेक कामे, आणि तिचा कारभार लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या सार्वजनिक मंडळाकडे. मुळशी याच्या नेमकी उलट. एक कंपनी, एक काम, एक गिऱ्हाईक. पूर आवरणे नाही, खालच्या शेतीला थेंब नाही, आणि पाणी ज्या खोऱ्यात पडले त्या खोऱ्यात ते परत यायचेच नाही. मुळशीकडे बोट दाखवून हे बाबासाहेबांचे स्वप्न असे कोणी म्हणू लागला तर त्याला थांबवा. शिवाय हा सत्याग्रह चालला तेव्हा बाबासाहेब लंडनला शिकत होते, ते परत आले १९२३ साली. या धरणाशी त्यांचा संबंध नाही.

पाण्याचा हिशेब तर आणखी विचित्र आहे. टाटांच्या या सगळ्या धरणांतून भीमेच्या खोऱ्यातले चाळीसेक टीएमसी पाणी दरवर्षी घाट उतरून समुद्राला जाते. आणि भीमेचे खोरे म्हणजे कोणता मुलूख? करमाळा, सांगोला, मंगळवेढा. तो मंगळवेढा, जिथे गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून चोखोबा गाडले गेले असे परंपरा सांगते. त्या तालुक्यातल्या दक्षिणेच्या गावांनी पाण्यासाठी किती वर्षे आंदोलने केली ते सोलापूरच्या कार्यकर्त्यांना विचारा. ही तिन्ही वीज केंद्रे मिळून क्षमता आहे सुमारे ४४७ मेगावॅट. राज्याची कमाल मागणी आज २५ हजार मेगावॅटच्या पुढे जाते. हे खरे की पाण्याची वीज काही मिनिटांत चालू करता येते, आणि मुंबईच्या लोकल व दवाखाने अंधारात जाऊ नयेत म्हणून तिचे मोल मेगावॅटच्या आकड्यापेक्षा जास्त आहे. म्हणून उद्या सकाळी भिऱ्याची चाके बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी कोळसा महाग पडत होता म्हणून केलेली वाटणी आज तशीच का चालावी, एवढे विचारायचा हक्क सांगोल्याच्या शेतमजुराला आहे की नाही?

यावर कोणी म्हणेल, म्हणजे सरकारी मालकी झाली की झाले. तसेही नाही. कोयना बघा. १९५४ साली काम सुरू झाले, मालकी सरकारची, क्षमता १९६० मेगावॅट, महाराष्ट्राची भाग्यरेषा असे पाठ्यपुस्तकात शिकलो. आणि कोयनेचे धरणग्रस्त २०१८ साली कोयनानगरला आंदोलनाला बसले होते, पुनर्वसन पुरे करा म्हणून. साठ वर्षांत दोन पिढ्या गेल्या. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तोच मुळी १९७६ साली, कोयनेची पहिली वीज निघाल्यानंतर चौदा वर्षांनी. सरकार मालक असणे गरजेचे आहे, पण त्या सरकारच्या कार्यालयात आपला माणूस कोणत्या टेबलापर्यंत पोचतो यावर पुढचे ठरते. फायलीला जात असते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

हे सगळे आत्ताच लिहायचे कारण, सह्याद्रीच्या माथ्यावर पुन्हा तळी येऊ घातली आहेत. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने एनएचपीसी या केंद्र सरकारच्या कंपनीशी चार प्रकल्पांचा करार केला, एकूण ७३५० मेगावॅटचा. त्यांतल्या एकाचे नाव आहे सावित्री, २२५० मेगावॅट. होय, महाडवरून वाहते तीच सावित्री. त्यानंतर दोन महिन्यांनी टाटा पॉवरशी शिरवटा आणि भिवपुरी मिळून २८०० मेगावॅटचा करार झाला. याला उदंचन जलविद्युत म्हणतात. एक तळे वर, एक खाली. दुपारी उन्हाची वीज जास्त झाली की तिच्यावर पाणी वर चढवायचे, आणि संध्याकाळी सगळ्यांनी दिवे लावले की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. यात जितकी वीज घातली तितकी परत मिळत नाही, पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच वाटेत जातो. पण सूर्य मावळल्यावर वीज हवी तर साठवणूक कशात तरी करावीच लागणार. भिऱ्याला असा एक संच गेली अनेक वर्षे चालू आहे. तंत्र वाईट नाही. कोळसा कमी जळेल तर खाणीत आणि राखेच्या बंधाऱ्याशेजारी राहणारी आपलीच माणसे चार वर्षे जास्त जगतील. बाबासाहेबांची लेकरे यंत्राला भीत नाहीत.

आम्हाला भीती आहे ती कागदाची. वरच्या तळ्याला जागा लागते ती पठारावर, आणि पठारावर राहतात धनगर, कातकरी, ठाकर, महादेव कोळी, आणि गावाच्या कडेला आपली वस्ती. यांतल्या पुष्कळांच्या हातात सातबारा नाही. गायरानावरचा तुकडा आहे, वनखात्याच्या हद्दीतले शेत आहे, वतनाची जमीन आहे जी आजही भोगवटादार वर्ग २ म्हणून नोंदलेली आहे. गायरानासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली लाखोंनी तुरुंग भरले, त्याचे फळ म्हणून जे तुकडे हातात आले ते अजून नावावर चढलेले नाहीत.

१८९४ चा कायदा आता गेला. २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या बदलली आहे. जमीन नावावर नसली तरी, संपादनाच्या आधी तीन वर्षे ज्याचे पोट त्या जमिनीवर होते तो शेतमजूर, तो कूळ, तो कारागीर बाधित धरला जातो. अनुसूचित जातीजमातीच्या माणसाची जमीन गेली तर जेवढी गेली तेवढी किंवा अडीच एकर, यांतली जी कमी असेल ती जमीन द्यायची असे परिशिष्टात लिहिले आहे. मुळशीच्या वेळी जो रकाना नव्हता तो आता आहे. पण रकाना कोणी भरायचा? तलाठी घरी येऊन विचारणार नाही. सामाजिक परिणामांची पाहणी करणारा येतो तेव्हा सरपंचाच्या ओसरीवर बसतो, आणि ओसरीवरून वस्ती दिसत नाही. तीन वर्षे आम्ही इथे राबलो याचा पुरावा मागितला की माणूस म्हणतो, पुरावा कसला साहेब, पाठ बघा.

म्हणून सध्या आम्ही घाटमाथ्यावरच्या वस्त्यांत फिरतो आहोत आणि करतो ते काम फार रुक्ष आहे. कोणाचे रेशनकार्ड कोणत्या गावचे, मतदार यादीत नाव कधीपासून, रोजगार हमीच्या हजेरीपटावर आजी सापडते का, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचा धंदा काय लिहिला आहे, सातबाराच्या इतर हक्कांत कोणाचे नाव अर्धवट पुसले गेले आहे. एकेका घरामागे एक फाईल होते. करार झालेल्या सगळ्या ठिकाणी प्रकल्प होतीलच असे नाही, काही कागदावरच राहतील. पण नोटीस आल्यावर हे गोळा करायला वेळ नसतो, हरकतीचे दिवस मोजके असतात, आणि वकील सांगतो ते सर्वांना कळत नाही.

एक वस्ती पुरी करायला दोन रविवार लागतात. जुनी मोडी नोंद वाचू शकेल असा आमच्यात एकच जण आहे आणि त्याची परीक्षा जवळ आली आहे. ज्यांना सातबारा आणि फेरफार नीट वाचता येतो, ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे आणि रविवार मोकळा आहे, त्यांनी कळवावे. डबा आपापला आणावा, वर हॉटेल नाही.